फोडणी ओळखणारी आन्के

आत्याच्या स्वयंपाकघराचं मागचं दार मी कायम लावून घ्यायचे. उन्हाळा असो की थंडी, आधी दार लावायचं, खिडकी लावायची, शेगडीवरचा पंखा मोठा करायचा आणि मगच तेलात मोहरी टाकायची. आत्या म्हणायची, "अगं गुदमरशील, कोण खातंय तुला?" पण मला ठाऊक होतं कोण खातंय ते. इथे परदेशात, आत्याच्या हेन्डरसन भागातल्या शाळेत पहिल्याच आठवड्यात मी डबा उघडला, साधी बटाट्याची भाजी होती, आणि बाकावरच्या मुली उठून पलीकडे जाऊन बसल्या. वाईट कुणी काही बोललं नाही. नाकासमोर हात हलवला, हसल्या, एवढंच. त्या दिवसापासून मी डबा मुलींच्या टॉयलेटमध्ये बसून खाऊ लागले आणि जरा वेळ मिळाला की स्वेटरची बाही हुंगून बघायची सवय लागली. ती आजतागायत गेलेली नाही. मी शाळेची बस चालवते, पोरं चढायच्या आधी बाही नाकाशी जातेच. माझी मुलगी म्हणते, "आई, स्टॉप इट." मी थांबवते, आणि पुढच्या स्टॉपला पुन्हा.

आत्याने मला इकडे आणलं तेव्हा मी चौदा वर्षांची होते. बाबा गेले, आई मिरजेतच मामाकडे राहायला गेली, आणि बाराव्या-तेराव्याला आलेली आत्या परत जाताना माझे कागदपत्र करायचं ठरवूनच गेली. तिचे यजमान, त्यांना सगळे अण्णा म्हणत, पेनरोजच्या एका कारखान्यात इंजिनियर होते. मुलगी मीरा तेव्हा आठ वर्षांची, मराठी सगळं समजायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची. त्या घरात मला कुणी एकदाही टाकून बोललं नाही. हे मी आधीच लिहून ठेवते, कारण पुढे जे येतंय ते वाचून आत्यावर कुणी रागावू नये. ती आता नाही, आणि माझ्या ताटात आज जे आहे ते तिच्यामुळे आहे. पण मला त्या घरात पाय टेकवत नव्हते. आंघोळ झाली की मी न्हाणीची फरशी, भिंत, नळसुद्धा कोरडे पुसून बाहेर यायचे, आपण पाणी वापरलं हे कुणाला दिसू नये म्हणून. कप दोन्ही हातांनी धरून धुवायचे. वर्गात इंग्रजी कानांवरून निघून जायचं, बाई माझ्याकडे बघून हळू हळू बोलायच्या आणि त्यानेच मला जास्त घाम फुटायचा. सोळा पूर्ण झाली तशी शाळा सोडली आणि पेनरोजला हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या एका लाँड्रीत लागले. मला शिकवायला आणलं होतं. आत्या नुसतं "बरं" म्हणाली. ते "बरं" मला अजून ऐकू येतं.

आन्के आली ती मीराच्या हॉकी क्लबमुळे. जर्मनीची एक खेळाडू हंगामभर इथे खेळायला येतेय, कुणाकडे खोली आहे का, असं क्लबने विचारलं तेव्हा आत्याने लगेच हात वर केला. आमच्या मागच्या अंगणात एक सुटी खोली होती, इथे तिला स्लीपआउट म्हणतात, त्यात जुन्या बॅगा आणि गणपतीची आरास पडलेली असायची. "पोरगी परदेशात एकटी, जाईल कुठे?" आत्या म्हणाली. अण्णा हसले, "आपण काय मग सदाशिव पेठेत राहतो?"

उंच बाई. रुंद खांदे, भुईमुगाच्या टरफलाच्या रंगाचे केस, डाव्या गुडघ्यावर बोटभर लांब व्रण. सव्विसाव्या वर्षी तिचं खेळणं जवळजवळ संपल्यात जमा होतं, पण ते आम्हाला नंतर कळलं. वडिलांच्या गावातल्या छोट्या मैदानावर ती लहानपणी स्टिक घेऊन उभी राहिली, शाळा अर्धवट सोडून बेकरीत काम शिकली, पहाटे पाव आणि दुपारी हॉकी असं करत करत देशाच्या संघापर्यंत पोचली. मोठमोठ्या स्पर्धा खेळली. मग गुडघा गेला, तो बरा होईपर्यंत तिच्या जागी एक कोवळी मुलगी आली आणि ती चांगली खेळली. प्रशिक्षकांनी आन्केला सांगितलं, तुला कुणी ओळखत नाही अशा ठिकाणी जा, एक हंगाम खेळ, मी स्वतः येऊन बघतो. त्यांच्या त्या एका शब्दावर ती पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला येऊन आमच्या आराशीच्या खोलीत राहत होती.

पहिल्या संध्याकाळी मी सगळं लावून घेऊन फोडणी घातली आणि दारावर थाप पडली. दार उघडलं तर ती पायरीवर, हातात रिकामा ग्लास, पाणी मागायला आलेली. मी "सॉरी, सॉरी" म्हणत दार लोटायला लागले. तिने हाताने ते धरून ठेवलं. "राहू दे उघडं," ती म्हणाली. (आमचं दोघींचं बोलणं मोडक्या इंग्रजीत चालायचं. मी इथे मराठीत लिहितेय, त्यामुळे आम्ही दोघी आहोत त्यापेक्षा हुशार वाटू.) तिने डोळे मिटले आणि नाक वर करून असा श्वास घेतला की जणू कुणी तिला फूल दिलंय. "काय आहे हे?" मी हिंगाची डबी दाखवली. तिने त्यात नाकच घातलं, झटका बसल्यासारखी मागे झाली, डोळ्यांत पाणी, आणि हसायला लागली. "हा तर आमच्या ड्रेसिंग रूमचा वास!" आणि मग पुन्हा हुंगलं. मी बघतच राहिले. आमच्या घरच्या वासाकडे चालत येणारं माणूस मी त्या देशात पहिल्यांदा बघत होते.

तेव्हापासून तो खेळच झाला. लाँड्रीतून येऊन मी स्वयंपाकाला लागायचे, ती सरावावरून यायची, पायरीवर जॅन्डल्स, म्हणजे रबरी चपला, काढायची आणि आत न येता डोळे मिटून सांगायची. "आज कोबी." बरोबर. "आज ती आंबट, पिवळी." आमटी, बरोबर. बेकरीत नाकच घड्याळ असतं, ती म्हणायची, पाव झाला की नाही ते डोळ्यांना उशिरा कळतं. हॉकी संपली की स्वतःची बेकरी काढणार होती. ती ओळखेल की नाही याची मलाच धाकधूक असायची, आणि ओळखलं की मी उगाचच दिवसभर खूश. मागचं दार मी लावणं सोडलं. आत्याच्या लक्षात आलं, आणि एक दिवस तिने दाराला माश्यांसाठी जाळीचा पडदा टांगला.

आन्केचं मैदानावरचं काम एका शब्दात सांगण्यासारखं नाही. हॉकीत पेनल्टी कॉर्नर असतो. समोरच्या संघातली एकजण गोलच्या रेषेवरून चेंडू बाहेर ढकलते, दुसरी तो अडवते आणि तिसरी जीव खाऊन गोलवर हाणते. बचाव करणाऱ्या चौघी आणि गोलकीपर रेषेमागे दबा धरून असतात. चेंडू हलला रे हलला की त्यांतली एक सुटते ती सरळ त्या हाणणारीच्या अंगावर, चेंडू ज्या वाटेने येणार त्याच वाटेने. ती एक म्हणजे आन्के. तोंडाला प्लास्टिकचा मुखवटा, हातात स्टिक, बस्स. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा आत्याचा दंड इतका घट्ट धरला की ती ओरडली. नंतर मी आन्केला विचारलं, कुणी सांगितलंय तुला पळायला? ती म्हणाली, "थांबून राहिलं तर भीती वाढते. पळालं की ती मागे राहते." मला काही ते पटलं नाही.

आमच्या ड्राइव्हवेवर ती मला तिच्यावर चेंडू मारायला लावायची. टेनिसचा चेंडू, तिची जुनी स्टिक. मी मारणार आणि ती अंगावर धावून येणार. "जोरात मार, सारिका." मी मारायचे, आणि स्टिक चेंडूला लागायच्या आधीच माझा हात आपोआप सैल पडायचा. लाँड्रीत ओल्या चादरींचे गठ्ठे उचलून मनगटं लोखंडासारखी झाली होती, पण समोरून ती धावत यायची आणि माझ्या अंगातलं बळच जायचं. "अजून जोरात! मी जर्मनीची आहे, मोडत नाही." मीरा भिंतीवर बसून खिदळायची, "शी हिट्स लाइक अ बेबी!" क्लबची प्रशिक्षक आरोहा, पन्नाशीची, दणकट माओरी बाई, एकदा आन्केला सोडायला आली आणि तिने हा प्रकार बघितला. "किया ओरा, बेबी," तिने मला माओरीत नमस्कार केला आणि त्या शनिवारपासून मला संघाच्या बाकावर कामाला घेतलं. पाण्याच्या बाटल्या, मधल्या सुट्टीतल्या संत्र्याच्या फोडी, चिकटपट्ट्या. काम कसलं, पण माझ्या नावाचं जॅकेट होतं. ते आन्केने मिळवून दिलं होतं. गाडी चालवायलाही तिनेच शिकवलं. तिचंही शिक्षण अर्धवट राहिलं होतं, पण ती ते सांगताना खाली बघायची नाही.

जर्मनीचे प्रशिक्षक आन्केला बघायला येणार त्याच्या आधीच्या शनिवारची गोष्ट. मी गोलच्या मागे बाटल्या घेऊन उभी होते. पेनल्टी कॉर्नर, आन्के सुटली, चेंडू कुणाच्या तरी स्टिकला लागून उडाला आणि तिच्या कानाच्या वर, मुखवट्याचा पट्टा असतो तिथे बसला. आवाज मी ऐकला. नारळ दगडावर नीट न फुटता नुसता आपटतो तसा आवाज. ती गुडघ्यांवर बसली आणि लगेच उठली. आरोहा धावत आली तर ती खांदा चोळत होती. "खांदा," ती म्हणाली, "खांद्याला लागलं." माझ्याकडे बघितलंही नाही. सामना खेळून संपवला, घरी आली आणि स्लीपआउटच्या मागे जाऊन ओकली. मी तिथे बादलीभर पाणी ओतलं. ती म्हणाली, "संत्रं बाधलं."

आत्याला मात्र सगळं कळल्यासारखंच होतं. त्याच आठवड्यात इथल्या छोट्या पेपरात आन्केचा फोटो आला होता, आणि आत्याने तो कापून फ्रिजवर लावला होता. "त्या फोटोने घात केला. अख्ख्या हेन्डरसनने बघितलं पोरीला. ये गं इकडे, बस." तिने आन्केला खुर्चीवर पूर्वेकडे तोंड करून बसवलं, मुठीत मीठ-मोहरी आणि लाल मिरच्या घेतल्या, आल्यागेल्याची, घरादाराची असं पुटपुटत तिच्यावरून उतरवल्या. आन्के तोंडावर हात धरून हसत होती, पण नीट बसली होती. आत्याचं कुठलंच म्हणणं तिने कधी मोडलं नाही. आत्याने तापलेल्या तव्यात सगळं टाकलं. तडतड झाली, धूर झाला, आम्ही सगळेच खोकायला लागलो, आणि छताला लावलेला धुराचा भोंगा किंचाळायला लागला. अण्णा टॉवेल घेऊन खुर्चीवर चढले. "अगं बंद कर ते, फायर ब्रिगेड येईल!" "येऊ दे, त्यांची पण काढते!" मीरा हसून लोळत होती. मीही हसत होते. मग माझं लक्ष आन्केकडे गेलं. ती खुर्चीवर नव्हती. टेबलाखाली दोन्ही हातांनी कान दाबून, कपाळ फरशीला टेकून बसली होती, आणि भोंगा थांबल्यावरही तशीच.

"बघ," आत्या माझ्या कानात म्हणाली, "किती जबर लागली होती. आता उतरेल."

आत्याला मी दोष देत नाही. आमच्याकडे ताप, ओकारी, डोकेदुखी, सगळ्याला आधी हेच. आणि ते केलं की घरातल्या माणसांना आपण काहीतरी केलं असं वाटतं, मग डॉक्टरचं नाव कुणी काढत नाही. तिने ते लेकीच्या मायेने केलं होतं. त्या मायेनेच आमचे चार दिवस गेले.

बुधवारी मी कामावरून आले तर गेटपासूनच करपल्याचा वास. आत गेले, दुधाचं पातेलं कोळसा झालेलं, आणि शेगडीला लागूनच उभी राहून आन्के मासिक चाळत होती. मी ओरडले, "आन्के! दूध!" तिने पातेल्याकडे बघितलं. "ओह," म्हणाली आणि बटण बंद केलं. मला वाटलं तंद्रीत असेल. पण जी बाई पायरीवरून कोबी ओळखते, ती करपलेल्या दुधाशेजारी अशी उभी? गुरुवारी मी मुद्दाम फ्लॉवर केला. हिंग इतका घातला की माझं मलाच नको झालं. ती आली, जॅन्डल्स काढल्या, पायरीवर उभी राहिली, डोळे मिटले. श्वास घेतला. तिला वेळ लागतोय हे मला कळत होतं. "आमटी," ती म्हणाली. मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि तिला माझ्या तोंडावरूनच कळलं.

ती पायरीवरच बसली. म्हणाली, शनिवारपासून काहीच येत नाही. कॉफी म्हणजे नुसतं गरम पाणी. येईल परत. डोकं दुखतं, पण ते आधीही दुखायचं. "एक सामना, सारिका. परवा. ते बघून जातील, मग मी स्वतः डॉक्टरकडे जाते. तोवर हे फक्त तुझ्या-माझ्यात." तिने माझा हात धरला होता. मी मान हलवली. आपली मान हलते ना, हो आणि बघू यांच्या मधली. तिने ती हो अशी घेतली.

त्या संध्याकाळी मी आत्याला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. "दृष्ट काढलीय ना? उतरायला वेळ लागतो. आणि हे बघ, ती पाहुणी आहे, तिच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे, आपण मध्ये पडायचं नाही." अण्णा म्हणाले, "तिला कळतंय तिचं. मोठी आहे ती. सर्दी झाली असेल." मग शुक्रवारी कामावरून मी आरोहाला फोन लावला. फोनवर इंग्रजी बोलायची मला इतकी भीती की वाक्य आधी तोंडात घोळवून ठेवलं होतं. शी कान्ट स्मेल, मी म्हणाले. "बेबी, माझा अर्धा संघ शेंबडा आहे," आरोहा हसली, मागे कुणाशीतरी बोलली, "उद्या भेटू, स्वीट ॲज," म्हणजे सगळं झकास, आणि फोन ठेवला. तो डोक्याला लागलेला चेंडू, तो खोटा खांदा, ती ओकारी, हे सगळं माझ्या तोंडातच राहिलं. मला वाटलं, आपण सांगितलं की नाही? तिघांना सांगितलं. आता आपलं काम झालं. असं स्वतःला म्हणत मी चादरींच्या घड्या घालत राहिले, आणि घडीला घडी लागेना.

मला भीती कशाची नव्हती? आन्के मेली तर याची होतीच. पण ती तोंड फिरवेल, जॅकेट जाईल, आत्या म्हणेल पाहुणीचं वाटोळं केलंस, याचीही तेवढीच होती. कुठली मोठी होती हे आज विचारलं तर मी सांगू शकणार नाही. शनिवारी सकाळी घरातून निघताना मी शेल्फावरची हिंगाची डबी जॅकेटच्या खिशात टाकली. काय करणार ते ठरलं नव्हतं. नुसती मुठीत धरून गाडीत बसले. मीरा म्हणाली, "मम, समथिंग स्टिंक्स," आणि आत्या म्हणाली, "गाडी धुवायला झालीय."

मैदानावर वारा होता. टर्फवर पाणी मारून झालं होतं. निळ्या रेनकोटातले पांढऱ्या दाढीचे गृहस्थ कुंपणाशी आरोहाबरोबर उभे होते, तेच जर्मनीचे प्रशिक्षक. आन्के बाकाच्या टोकाला खाली मान घालून स्टिकला पट्टी गुंडाळत होती. आठवडाभर तिने केस कानावर ओढून घेतले होते, आताही तसेच. मी संत्र्यांचा डबा ठेवला, खिशातून डबी काढली आणि झाकण उघडलं.

बाकाच्या या टोकापासून मी चालत गेले. पहिलीने "ई!" केलं. दुसरी म्हणाली, "कोण मेलंय?" गोलकीपर त्या एवढ्या जाड पॅडांसकट उठून बाजूला झाली. शाळेतल्या त्या बाकावरच्यासारख्याच एकेक उठत होत्या, नाकासमोर हात हलवत होत्या, आणि माझे कान तापले होते, तरी मी चालत होते. आरोहा कुंपणाकडून ओरडली, "काय चाललंय तिथे?" दाढीवाल्यांनीही नाक धरलं आणि हसले. मी आन्केच्या मागे थांबले, हात पुढे करून डबी तिच्या नाकाखाली धरली.

ती पट्टी गुंडाळत राहिली.

हसणं कमी होत गेलं. पट्टीचा चरचर आवाज तेवढा येत होता. मग तिला माझा हात दिसला, डबी दिसली. तिने वर बघितलं. तसं माझ्याकडे आधी कुणी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही.

"शनिवारी डोक्याला लागलं," मी म्हणाले. "खांद्याला नाही. डोक्याला." माझ्या आयुष्यातलं ते पहिलं इंग्रजी, जे मी आधी तोंडात घोळवलं नव्हतं.

आरोहा तोवर जवळ आली होती. "आन्के, कसला वास येतोय?" "हिंगाचा," आन्के शांतपणे म्हणाली. "कांदा, लसूण, जुने मोजे. सारिकाच्या घरचा." सगळं बरोबर होतं. ती पाठ होतं तसं म्हणत होती. मला वाटलं, झालं, आता मी खोटी पडले. तेवढ्यात दाढीवाले पुढे आले. त्यांनी माझ्या हातातून डबी घेतली, जर्मनमध्ये तिला काही हळू बोलले, आणि तिने डोळे मिटले. त्यांनी डबी तिच्या नाकाशी धरली आणि विचारलं. तिने खोल श्वास घेतला आणि उत्तर दिलं. नंतर मला कळलं, त्यांनी विचारलं होतं, झाकण उघडं आहे की लावलेलं? ती म्हणाली, उघडं. त्यांनी ते केव्हाच लावलं होतं.

डोळे उघडल्यावर तिने झाकणाकडे बघितलं. मग गळ्यात अडकवलेला मुखवटा काढून बाकावर ठेवला. ती रडली नाही. दाढीवाल्यांनी तिची बॅग स्वतः उचलली आणि आरोहाच्या गाडीपर्यंत नेली. तो सामना आम्ही जिंकलो की हरलो, मला आठवत नाही. मीरा म्हणते जिंकलो.

हॉस्पिटलमध्ये डोक्याचे फोटो काढले. आत थोडा रक्तस्राव झाला होता, केसाएवढा. अजून एक फटका बसला असता तर काय, हे डॉक्टरांनी सांगितलं असेल तर मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विमानात बसायची परवानगी मिळेपर्यंत आन्के स्लीपआउटमध्ये पडदे ओढून पडून राहिली. उजेड सहन व्हायचा नाही. मी वरण-भाताचं ताट दाराशी ठेवायचे, ताट धुऊन पुसून परत पायरीवर यायचं. बोलणं नाही. मागचं दार मी उघडंच ठेवत होते, पण पायरीवर कुणी उभं राहत नव्हतं. आत्या पहिल्या दिवशी माझ्यावर चिडली, "हिंगाची डबी चारचौघांत नेलीस? आणि मला सांगायचं तरी होतंस!" मी म्हणाले, "सांगितलं होतं, आत्या." नंतर मी तिला देवासमोर बसलेली बघितली, नुसतीच, हात न जोडता. त्यानंतर घरात कुणालाही काही झालं की ती म्हणायची, "आधी डॉक्टर, मग मी." दृष्ट काढायची ती अंगणात, तवा बाहेर नेऊन.

जायच्या दिवशी आत्याने आन्केची ओटी भरली. आन्के वाकली, तिने नारळ दोन्ही हातांत धरला. अण्णांशी हात मिळवला, मीराला उचलून घेतलं. माझ्यासमोर आली तेव्हा मी जॅकेट काढून हातात धरलं होतं, परत द्यायला. तिने ते घेतलं आणि माझ्याच खांद्यांवर टाकलं.

"आता तुला जोरात मारता येतं," ती म्हणाली आणि गाडीत बसली.

हे वाक्य मी किती वर्षं उलटसुलट करून बघितलं. रागाने म्हणाली? बरं वाटून? तिचा आवाज आठवायला गेले की दर वेळी वेगळा ऐकू येतो. जर्मनीच्या संघात ती परत आली नाही. दाढीवाले शब्दाचे पक्के होते, त्यांनी पुढच्या वर्षी बोलावलं होतं, पण धावलं की तिचं डोकं दुखायचं. गावच्या क्लबात लहान मुलींना शिकवायला लागली. बेकरी काढली नाही. दर दिवाळीला आत्याला तिचा फोन यायचा, आत्या फोन माझ्याकडे द्यायची, आम्ही हवापाण्याचं बोलायचो.

मी लग्न होऊन क्राइस्टचर्चला आले, हॉर्नबीत घर घेतलं. मागच्या हंगामात जर्मनीहून शाळकरी मुलींचा एक संघ खेळायला आला आणि त्यांच्याबरोबर ती. केस पांढरे, चष्मा. एक संध्याकाळ रिकामी होती, ती घरी आली. मी सकाळपासून घाबरलेली. स्वयंपाक करताना तीन वेळा हात धुतले. पुढचं दार सोडून ती घराला वळसा घालून मागे आली आणि पायरीवर थांबली. मी तेल तापत ठेवलं होतं. मी मोहरी टाकली.

"मोहरी," ती बाहेरून म्हणाली.

मी वळून बघितलं. तिने डोळे मिटले होते, पण नाक वर नव्हतं. मान तिरकी करून कान आतल्या बाजूला केला होता. मी कढीपत्ता टाकला, तो चुरचुरला. "ती पानं." मिरची. "मिरची." मग चिरलेला कोबी, मोठा चर्र आवाज. "काहीतरी ओलं. बरंच." तिला हसू आलं होतं. मलाही.

मग ती थांबली. मी हात पुसत तिथेच उभी.

"तो डबीतला घातलास का?" तिने विचारलं. "त्याचा आवाज येत नाही."

"घातला," मी म्हणाले. "मोहरीनंतर लगेच."

"चांगलं केलंस," ती म्हणाली, जॅन्डल्स काढल्या आणि आत आली.